चढवलेला थर उतरवताना

आमच्या लाईनवर दहा टाक्या आहेत आणि शेवटी एक ड्रायर. पहिली गरम कॉस्टिक सोड्याची, तेल काढायला. मग पाणी. मग हायड्रोक्लोरिक ॲसिड. मग पाणी, पुन्हा पाणी, आणि सहावी गरम पाण्याची, जॉब, म्हणजे लाईनवरचा पोलादाचा तुकडा, तापवून पुढे द्यायला. सातवी फॉस्फेटची. आठवी परत पाण्याची, नववी न्यूट्रलायझरची, दहावी साबणाची. भोसरीच्या या शेडमध्ये मी १९९६ साली केमिस्ट म्हणून लागले तेव्हा टाक्यांचे नंबर भिंतीवर खडूने लिहिलेले असायचे आणि ॲसिडच्या वाफेने आठवड्याभरात पुसले जायचे. दर सोमवारी ते परत लिहिणं हे माझं पहिलं काम होतं.

धातूवरचा थर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रंग येतो, चकचकीत क्रोम येतो, नाहीतर गॅल्व्हनाइज्ड पत्रा. म्हणजे शेवटी लागतो आणि कायम राहतो तो थर. आमचा, पोलाद थंडपणी दाबण्याआधी लावायचा फॉस्फेट आणि साबणाचा थर, तसा नाही. आमचा थर सगळ्यात आधी लागतो, प्रेसमध्ये धातूबरोबर ताणला जातो, आणि काम झालं की त्याने जावं लागतं. ग्राहकाच्या हातात वस्तू पडते तेव्हा त्याचा मागमूस नसतो. माझी जवळपास तीस वर्षं या थरामागे गेली आणि त्यातली निम्मी तो नीट उतरवण्यात गेली. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी तो कशासाठी लागतो ते सांगते. मोटारसायकलच्या इंजिनात पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी एक पोकळ पिन असते, साधारण बोटाएवढी. ती भोक पाडून करायची म्हटलं तर बरंचसं पोलाद कीस होऊन भंगारात जातं. म्हणून पोलादी बारमधून एक आखूड तुकडा कापतात, त्याला स्लग म्हणतात. तो डायमध्ये, म्हणजे साच्यात, बसवायचा आणि वरून पंच घुसवायचा. धातूला खाली वाट नाही, बाजूला वाट नाही, मग तो पंचाच्या कडेकडेने वर चढतो. उकडीच्या मोदकाची पारी करताना आपण हेच करतो. गोळ्यात अंगठा दाबला की कड वर येते आणि पातळ होत जाते. आमच्याकडे उकडीच्या जागी थंड पोलाद असतं आणि अंगठ्याच्या जागी हाय स्पीड स्टीलचा पंच, ज्याच्या टोकावर दर चौरस मिलिमीटरला दोनशे किलोच्या आसपास भार येतो. पिन बाहेर पडते तेव्हा हातात धरवत नाही इतकी तापलेली असते. ती उष्णता कुठल्या भट्टीची नाही, नुसत्या दाबण्याची आहे.

आई पारी करताना बोटं तुपाच्या वाटीत बुडवायची. कोरड्या बोटाला उकड चिकटते आणि पारी फाटते. पोलाद पंचाला चिकटतं ते असंच, पण तिथे तुपाचं किंवा तेलाचं काही चालत नाही, एवढ्या दाबाखाली ते पिळून बाजूला निघतं. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. पिनच्या आतली सगळी भिंत स्लगच्या वरच्या छोट्या गोल तोंडातून ओढली गेलेली असते. एका झटक्यात किती तरी पट नवा पृष्ठभाग तयार होतो. त्या तोंडावर जेवढा थर होता तेवढाच ताणून ताणून सगळ्या भिंतीला पुरवायचा असतो. मधेच थांबून पुन्हा वाटीत बोट बुडवण्याची सोय नाही. थर जिथे तुटला तिथे पोलादाला पोलाद भिडतं, भिंतीवर उभे ओरखडे येतात, आणि पुढच्या दोन-चार जॉबमध्ये पंच जातो.

यावरचं उत्तर सातव्या आणि दहाव्या टाकीत आहे. सातव्या टाकीत फॉस्फरिक ॲसिड आणि झिंक यांचं गरम द्रावण असतं, सत्तर ते ऐंशी डिग्रीला. स्लग आत गेला की ॲसिड पोलादाला थोडंसं खातं. खाता खाता पोलादाला लागून असलेलं ॲसिड संपत जातं, आणि ॲसिड कमी झालं की झिंक फॉस्फेट विरघळलेलं राहू शकत नाही, ते तिथल्या तिथे स्फटिक होऊन बसतं. म्हणजे हा थर बाहेरून थापलेला नसतो, पोलादाला खाऊन त्याच्याच अंगावर उगवलेला असतो, म्हणून तो सुटत नाही. दिसायला राखाडी, हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत. मग दहाव्या टाकीत गरम साबण. साबणातलं सोडियम स्टिअरेट आणि स्लगवरचं झिंक फॉस्फेट यांच्यात देवाणघेवाण होते आणि झिंक स्टिअरेट तयार होतं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता चोथा होतो, त्याचा हा जवळचा नातलग. खाली पोलादाला धरून राहिलेलं फॉस्फेट, त्यावर घसरणारा झिंकचा साबण, वर नुसता साधा साबण. पंच घुसतो तेव्हा स्फटिक चुरडले जातात, पण साबणासकट धातूबरोबर पसरत राहतात.

फॉस्फेट मुळात यासाठी निघालंच नव्हतं. बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉसलेट यांनी १९०६ साली त्याचं पेटंट घेतलं ते गंज थांबवण्यासाठी. फॉस्फरिक ॲसिडच्या पातळ द्रावणात लोखंडाचा कीस टाकायचा, उकळायचं आणि वस्तू त्यात तासन्‌तास ठेवायची. अमेरिकेत डेट्रॉइटला पार्कर पितापुत्रांच्या कंपनीने १९१५ पासून त्याचा धंदा केला, म्हणून बंदुकांवरच्या त्या काळपट थराला आजही पार्करायझिंग म्हणतात. पुढची वीसेक वर्षं वेळ कमी करण्यात गेली. झिंक आणि मँगनीज आले, नायट्रेटसारखे ॲक्सिलरेटर आले, तासांचं काम मिनिटांवर आलं. आणि १९३४ साली फ्रिट्झ सिंगर यांनी जर्मनीत पेटंट घेतलं की हाच थर थंड पोलाद दाबताना आणि ओढताना वंगण धरून ठेवायला वापरता येतो. तोवर शिसं, कथील, ॲल्युमिनिअम असे मऊ धातू थंडपणी दाबून नळ्या होत होत्या. पोलादाशी गाठ पडली की पंच चिकटत होता. जर्मनीने दुसऱ्या महायुद्धात पितळ वाचवण्यासाठी तोफांच्या काडतुसांची पोलादी कवचं या पद्धतीने काढली. युद्धानंतर अमेरिकेने ती उचलली, मग मोटारींच्या सुट्या भागांत ती सगळीकडे पसरली.

सिंगर यांच्या पेटंटबद्दल मला फार आदर आहे. त्यात नवं रसायन जवळजवळ नव्हतं. टाकी तयार होती, थर तयार होता, साबण तर पिढ्यान्‌पिढ्या घरात होता. गंजासाठी केलेला थर खरखरीत आहे आणि वंगण पिऊन बसतो, हे गंजवाल्यांनी रोज पाहिलं असणार. दाबणाऱ्यांना काय हवं आहे ते ठाऊक असलेला माणूस त्या टाकीशी उभा राहिला तेव्हा शोध लागला. आमच्याकडे आजही केमिस्ट वेगळे बसतात आणि प्रेसवाले वेगळे, ते मला चुकीचं वाटतं. मी लाईनवर नवीन येणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला पहिले पंधरा दिवस प्रेसवर पाठवते.

मलाही कुणीतरी पाठवलं होतं. लाईनचे फोरमन, ज्यांना सगळी शेड मामा म्हणायची. मी बी.एस्सी. करून आलेली, मला टायट्रेशन येत होतं. दहा मिली बाथ, म्हणजे टाकीतलं द्रावण, पिपेटने घ्यायचा, ब्रोमोफिनॉल ब्लूचे थेंब, मग ब्युरेटमधून दशांश नॉर्मल कॉस्टिक. पिवळ्याचा निळा झाला की जितके मिली गेले तितके फ्री ॲसिडचे पॉइंट. दुसऱ्या दहा मिलीत फिनॉल्फ्थॅलीन घालून गुलाबी होईपर्यंत गेलं ते टोटल. दोन्हींचं प्रमाण जमलं की मी रजिस्टरला बाथ ओके लिहून मोकळी व्हायचे. मामांनी एकदा माझं रजिस्टर बाजूला ठेवलं आणि ड्रायरमधून आलेला एक स्लग माझ्या हातात दिला. "मॅडम, नख ओढा." मी ओढलं. राखाडीवर मेणासारखी तुकतुकीत रेघ उठली. मग दुसऱ्या बास्केटमधला दिला. त्यावर रेघ उठली ती पांढरी, कोरडी, खडूसारखी. दोन्ही बास्केट त्याच बाथमधून आले होते, टायट्रेशन दोन्हींना एकच लागू होतं. दुसऱ्याला साबण धरलाच नव्हता, कारण नवव्या टाकीतला न्यूट्रलायझर संपत आला होता, स्लगबरोबर ॲसिड साबणात उतरत होतं आणि साबण फुटून त्याच्या गाठी होत होत्या. "बाथ काय म्हणतो ते तुम्ही बघा," मामा म्हणाले, "पण जॉब काय म्हणतो ते पण बघा."

त्यांचं ते नख मी पुढे वजनात बसवलं. स्लगचं वजन घ्यायचं, आधी उकळत्या पाण्याने साधा साबण उतरवायचा, वजन. मग सॉल्व्हंटने झिंकचा साबण, वजन. मग गरम क्रोमिक ॲसिडमध्ये फॉस्फेट, वजन. तीन वजाबाक्यांत तिन्ही थर वेगळे कळतात. रोज एक स्लग. चार वर्षांचे आकडे झाल्यावर कुठल्या आकड्याखाली पंच तुटतात ते मला सांगता यायला लागलं. मामा तेच नखाने सांगायचे. दोघांचं जुळायचं तेव्हा मला फार आनंद व्हायचा.

त्याच काळात मी एक प्रयोग केला आणि तो सपशेल बुडाला. तोही सांगते, कारण त्यातून मी जास्त शिकले. रंगकामाच्या लाईनवर काम केलेले एक सल्लागार आमच्याकडे आले होते. त्यांनी सुचवलं की फॉस्फेटच्या आधी टायटॅनिअमची ॲक्टिव्हेशन टाकी लावा. ही गोष्ट चांगलीच आहे. जॉर्ज जर्नस्टेड यांचं १९४३ चं अमेरिकन पेटंट आहे त्यावर. आधीच्या पाण्यात टायटॅनिअम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण ठेवले की ते पोलादावर बियांसारखे विखुरतात आणि प्रत्येक बीपासून एक स्फटिक उगवतो. बिया जास्त, म्हणून स्फटिक जास्त, आणि म्हणून प्रत्येक लहान. थर बारीक, दाट, एकसारखा. मोटारीच्या बॉडीवर रंगाखाली असाच थर हवा असतो.

मी सहाव्या टाकीत ते पावडर घालून पाहिलं. स्लग इतके सुरेख निघाले की मी दोन स्लग घरी दाखवायला घेऊन गेले. मखमलीसारखा एकसारखा राखाडी रंग, कुठे डाग नाही. दुसऱ्या दिवशी प्रेसवर पहिल्या तासात दोन पंच गेले. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा उमगलं. आमच्या नेहमीच्या थरात मोठमोठे स्फटिक एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले असतात, मध्ये खळगे असतात, आणि त्या खळग्यांत साबण साठतो. बारीक थराला खळगेच नव्हते. वजनही निम्म्यावर आलं होतं. डोळ्यांना जो थर चांगला दिसला तो पंचाला उपाशी ठेवत होता. सल्लागारांची काही चूक नव्हती, त्यांच्या कामाला तोच थर योग्य होता. मी प्रेसला न विचारता थर बदलला, ही माझी चूक. ते दोन स्लग अजून माझ्या टेबलावर आहेत.

आता उतरवण्याकडे येते.

पिन सोडून आमच्या दुसऱ्या शेडमध्ये ॲलन बोल्ट होतात. कॉइलमधल्या वायरला आधी फॉस्फेट आणि साबण, मग हेडर मशीनमध्ये थंडपणी डोकं ठोकायचं, डोक्यात षट्‌कोनी खाच दाबायची, आटे रोल करायचे, आणि मग कडक करायला भट्टी. यातला सगळ्यात ताकदवान ग्रेड १२.९. त्यातला १२ म्हणजे किमान बाराशे मेगापास्कल ताण सोसणारा, आणि .९ म्हणजे त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कायमचा न लांबणारा. मशीन टूल, मोल्ड, कॉम्प्रेसर, जिथे जागा कमी आणि जोर जास्त तिथे हा बोल्ट.

एका ग्राहकाकडून एम १२, म्हणजे बारा मिलिमीटरच्या, बोल्टचा एक लॉट परत आला. बोल्ट बरोबर टॉर्कने आवळले होते, रात्रभर ठीक होते, सकाळी काहींची डोकी उडालेली. दुसऱ्या दिवशी तुटणारा बोल्ट म्हटलं की या धंद्यातला कुणीही आधी हायड्रोजनचं नाव घेतो. ॲसिडमधून किंवा प्लेटिंगमधून हायड्रोजनचे अणू कडक पोलादात शिरतात, ताण आल्यावर एका जागी गोळा होतात आणि आतून फोडतात. म्हणून कडक बोल्टला प्लेटिंग केलं की काही तासांच्या आत १९० ते २२० डिग्रीला बेकिंग करावं लागतं. पण या लॉटला प्लेटिंग नव्हतंच. नुसते काळे, तेल लावलेले बोल्ट. मग बोट भट्टीवाल्यांकडे गेलं. क्वालिटीवाल्यांनी बोल्ट उभा कापला, पॉलिश केला, नायटलने, म्हणजे अल्कोहोलमधल्या नायट्रिक ॲसिडने, एच केला, आणि कडेला पांढरी रेघ दिसली. डीकार्ब, म्हणाले, म्हणजे भट्टीत कार्बन उडाला. भट्टीचे ऑपरेटर तीन दिवस बोलणी खात होते.

मी तो तुकडा मायक्रोस्कोपखाली मागून घेतला. डीकार्ब मी पाहिलेलं होतं. ते हळूहळू विरत जातं, पांढऱ्यातून करड्यात, करड्यातून गडद. ही रेघ तशी नव्हती. काही मायक्रॉन जाड, आणि आतल्या बाजूला ब्लेडने कापल्यासारखी संपलेली. आणि सगळीकडे नव्हतीच. डोक्याखालच्या वळणात होती, षट्‌कोनी खाचेच्या तळकोपऱ्यांत होती, आट्यांवर जवळजवळ नव्हती. भट्टीची हवा काही कोपरे निवडून कार्बन खात नाही. जिथे पंचाने फॉस्फेट जोरात दाबून बसवलं होतं तिथेच रेघ होती.

म्हणजे आमचाच थर. भट्टीत साडेआठशेच्या वर गेलं की फॉस्फेट फुटतं आणि त्यातला फॉस्फरस पोलादात शिरतो. फॉस्फरस फेराइटला, म्हणजे लोखंडाच्या मऊ रूपाला, धरून ठेवतो, म्हणून तेवढी कातडी बाकीच्या पोलादासारखी हार्ड होत नाही, पांढरी दिसते, आणि कणांच्या सीमांवर फॉस्फरस बसल्याने ठिसूळ होते. बोल्ट आवळला की त्या कातडीला बारीक तडा जातो. खाली १२.९ चं कडक पोलाद, त्यात एकदा तडा शिरला की थांबत नाही. आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ८९८-१ मध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे की १२.९ च्या बोल्टवर फॉस्फरसचा असा पांढरा थर चालणार नाही. आमच्याकडे भट्टीआधी थर उतरवायची कॉस्टिकची टाकी होती. ती चालूही होती. सगळ्यांनी धरून चाललं होतं की टाकी आहे म्हणजे थर उतरतो.

मी दहा बोल्ट घेतले आणि हाताने, ब्रशने, खाचेत तार फिरवून पूर्ण उतरवले. दहा बोल्ट नेहमीच्या लाईनमधून धुतलेले घेतले. दोन्ही जुडग्यांना वेगवेगळी तार बांधून एकाच चार्जमध्ये भट्टीत टाकले. हाताने घासलेल्यांत रेघ नाही. लाईनवरच्यांत आहे. भट्टीच्या ऑपरेटरांना मी स्वतः जाऊन ती स्लाइड दाखवली.

उतरत का नव्हतं, याचं कारण खाच. बोल्ट बास्केटमध्ये ढिगाने पडतात. ज्यांची खाच खाली तोंड करून पडली त्यांत हवेचा बुडबुडा अडकतो, कॉस्टिक आत जातच नाही. शिवाय तिथला साबण पंचाने मेणासारखा ठासलेला असतो, आणि झिंकचा साबण पाण्यात विरघळत नाही, त्याला गरम कॉस्टिकने आधी फोडावं लागतं, मग खालच्या फॉस्फेटपर्यंत पोचता येतं. आम्ही बास्केट काढून भोकांचा फिरता बॅरल लावला, थोडा तिरका, म्हणजे बोल्ट नुसते गडगडत नाहीत, उलथेपालथे होतात. एका टाकीच्या दोन केल्या. पहिलीत साबण फुटतो, दुसरीत फॉस्फेट जातं. आणि बॅरल तीनदा वर उचलून निथळायचा, म्हणजे खाचेतलं जुनं पाणी बाहेर पडतं. हे सगळं आमच्या फिटरने आणि मी मिळून दोन रविवारांत उभं केलं.

पण उतरलं की नाही हे कळणार कसं? दर लॉटचा बोल्ट कापून, पॉलिश करून, मायक्रोस्कोपखाली बघेपर्यंत लॉट भट्टीतून बाहेर आलेला असतो. मला भट्टीच्या आधी पाच मिनिटांत उत्तर हवं होतं. इथे मला कॉलेजचं सॉल्ट ॲनालिसिस आठवलं. फॉस्फेट ओळखायचं तर नायट्रिक ॲसिड, अमोनियम मोलिब्डेट, कोमट करा, आणि टेस्टट्यूबमध्ये गर्द पिवळा साका. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांना ते फॉस्फेटचं सॉल्ट आवडायचं, कारण चुकायची भीती नसायची.

पहिल्यांदा मी बोल्ट सरळ कोमट नायट्रिकमध्ये बुडवून ठेवला आणि ते ॲसिड तपासलं. पिवळं आलं. कधीही फॉस्फेट न लागलेला, नुसता टर्न केलेला बोल्ट तसाच बुडवला, तरी हलकं पिवळं आलं. पोलादात स्वतःचा थोडा फॉस्फरस असतोच, ॲसिड पोलाद खाताना तोही ओढून आणत होतं. मग ॲसिड सोडून कॉस्टिककडे गेले. कॉस्टिक फॉस्फेट विरघळवतं, पोलादाला हात लावत नाही. पाच बोल्ट थोड्याशा गरम कॉस्टिकमध्ये उकळायचे, ते पाणी वेगळं काढायचं, नायट्रिकने आंबट करायचं, मग मोलिब्डेट. कोरा बोल्ट कोरा आला. पण नीट उतरवलेल्या बोल्टलाही पाणी पिवळसर दिसायला लागलं आणि दोन दिवस माझं डोकं चालेना. दोष आमच्या क्लीनरमध्ये, म्हणजे बोल्ट धुवायच्या द्रावणात होता. त्यात मेटासिलिकेट होतं आणि सिलिकेटही मोलिब्डेटला पिवळा रंग देतं. फरक असा, की सिलिकेटचं नुसतं पाणी पिवळं होतं, फॉस्फेटचा साका तळाला बसतो. दोन टेस्टट्यूब शेजारी धरल्या की शाळकरी मुलालाही कळेल. आज भट्टीच्या तोंडाशी एक छोटं टेबल आहे, त्यावर एक स्टँड, एक स्पिरिटचा दिवा आणि दोन नमुन्याच्या सीलबंद ट्यूब, एकीवर 'साका' आणि दुसरीवर 'नुसतं पिवळं' असं मराठीत लिहिलेलं. रात्रपाळीचा हेल्पर ही टेस्ट करतो. तळाला साका दिसला की बॅरल परत पहिल्या टाकीत. पेटंट घेण्यासारखं त्यात काही नाही, पण त्यानंतर पांढऱ्या रेघेसाठी एकही लॉट परत आलेला नाही.

मध्यंतरी दिल्लीला गेले तेव्हा मेहरौलीचा लोहस्तंभ पाहिला. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर बरंच काम केलं. त्या लोखंडात पाव टक्क्याच्या आसपास फॉस्फरस आहे, आजच्या पोलादाच्या मानाने कितीतरी जास्त. जुन्या भट्ट्यांत चुनखडी घालत नसत, म्हणून फॉस्फरस लोखंडातच राहायचा. आणि त्याच फॉस्फरसमुळे स्तंभावर गंजाच्या खाली फॉस्फेटचा एक पातळ थर हळूहळू बसला, जो पुढचा गंज अडवतो. आमच्या सातव्या टाकीत जे पाच-दहा मिनिटांत होतं ते तिथे शतकानुशतकं हवापाण्याने केलं. मी कठड्याबाहेर बराच वेळ उभी होते. तिथे ज्याच्यामुळे लोखंड टिकलं, तोच फॉस्फरस बोल्टच्या कातडीत शिरला की त्याचं डोकं उडवतो. स्तंभाला कुणी आवळून ताणलेलं नाही, त्याला नुसतं उभं राहायचं आहे.

थरांच्या धंद्यात माझ्या डोळ्यांदेखत बरंच बदललं. झिंक प्लेटिंगवरचं ते पिवळं, इंद्रधनुषी पॅसिव्हेशन, म्हणजे गंज अडवणारी पातळ कातडी, गाडीच्या भागांवरून गेलं. त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमिअम असायचं, कॅन्सर करणारं. २००७ पासून युरोपने गाड्यांत त्याला बंदी केली आणि निर्यात करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या पुरवठादारांनाही ट्रायव्हॅलंट क्रोमिअमवर यावं लागलं. बरं झालं. प्लेटिंगवाल्यांकडे काम करणारी, हातांना फोड आलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता पाळी फॉस्फेटची आहे, आणि मला ती यायला हवीच होती असं वाटतं. सातव्या टाकीच्या तळाला रोज गाळ बसतो. पोलाद खाताना सुटलेलं लोखंड फॉस्फेट होऊन साचतं. तो धोकादायक कचरा म्हणून नोंदवून पाठवावा लागतो. टाक्या तापवायचा खर्च, पाणी, वाफ वेगळीच. जपान-युरोपात एका बुडीत काम होईल असे थर निघालेत. स्लग शॉट ब्लास्ट करायचा, म्हणजे छर्‍यांच्या माऱ्याने साफ करायचा, गरम करायचा, द्रावणात बुडवायचा आणि वाळवायचा. त्यात ॲसिड नाही, फॉस्फरस नाही. फॉस्फरसच नाही म्हणजे पांढऱ्या रेघेची भीती नाही, आणि तो पिवळा साका बघायची गरज नाही. हे झालं तर मी सगळ्यात जास्त खूश होईन.

गेल्या महिन्यापासून आम्ही एक असा थर पिनवर लावून पाहतोय. कोरड्या दिवसांत तो उत्तम चालला, पंचाचं आयुष्य जवळजवळ फॉस्फेटइतकंच आलं. मग पाऊस लागला. या नव्या थरात मीठ असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. सकाळी लावलेले स्लग संध्याकाळी हाताला चिकट लागत होते आणि प्रेसवर पहिल्याच ट्रेमध्ये ओरखडे आले. म्हणून या आठवड्यात मी तीन ट्रे ठेवलेत. एक खिडकीशी उघडा, एक झाकण लावून ड्रायरच्या शेजारी, आणि एक लावल्यानंतर तासाभरात प्रेसवर न्यायचा. खिडकीतल्या ट्रेवर मी आज नख ओढून पाहिलं. रेघ तुकतुकीत आहे, पण नखाला थोडं ओलं लागतंय. उद्या पहिल्या पाळीला तिन्ही ट्रे प्रेसवर जातील. मामा आता खेडला गावी असतात. त्यांना फोन केला तर म्हणाले, पहिले पाच स्लग मला पाठवून दे.